आघात आणि आस : ध्वनिमिश्रणातील एका प्रश्नाचा आढावा

तबल्यावर वाजलेला एक ‘ना’ ध्वनिमुद्रित करून संगणकाच्या पडद्यावर पाहिला, तर त्याचे दोन भाग सरळ दिसतात. बोट चाटेवर पडते तेव्हा उठणारा उंच, अरुंद सुळका आणि त्याच्यामागे उतरत जाणारी लांब शेपटी. पहिला आघात, दुसरी आस. सुळका काही मिलिसेकंदांत संपतो. आस त्याच्या कितीतरी पट टिकते. तरीही मिश्रणाच्या टेबलावर सर्वाधिक चर्चा होते ती या सुळक्याचीच. तो पुढे काढला तर बोल खणखणीत येतात, पण गाणाऱ्याचे शब्द झाकोळतात. दाबला तर सगळे गुळगुळीत होते, पण ठेका मागे सरकतो आणि वादक शेजारच्या खोलीत बसून वाजवतो आहे असे वाटू लागते.

हा सुळका घडवण्याची जी साधने गेल्या नव्वदेक वर्षांत तयार झाली, त्यांना एकत्रितपणे डायनॅमिक्स प्रोसेसिंग म्हणतात. कम्प्रेसर, लिमिटर, गेट, क्लिपर, ट्रान्झियंट डिझायनर ही त्यांतली मुख्य नावे. कोणते साधन कधी आणि किती वापरावे, याबद्दल जाणत्या ध्वनितंत्रज्ञांतही एकमत नाही. या मतांमागची पार्श्वभूमी काय, आज कोणत्या भूमिका मांडल्या जातात आणि काय सुटायचे राहिले आहे, ते या लेखात क्रमाने पाहू.

उदाहरणे शक्य तिथे तबल्याची घेतली आहेत, आणि त्याला कारण आहे. चर्मवाद्याचे उपस्वर एरवी बेसूर, विस्कळीत असतात. शाईच्या थरामुळे आपल्या वाद्यांत ते मूळ स्वराच्या पटीत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये आणि नंतर १९३४ सालच्या विस्तृत निबंधात दाखवून दिले. तबला तालवाद्यही आहे आणि सुरेलही. त्यामुळे त्याच्या आघाताला लावलेला हात चुकला, तर चूक ताल आणि सूर अशी दोन्ही अंगांनी कानावर येते.

आघात म्हणजे नेमके काय?

रोजच्या बोलण्यात ‘अटॅक’ आणि ‘ट्रान्झियंट’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. संशोधनात मात्र त्यांची फारकत केलेली आहे. हुआन पाब्लो बेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली लिहिलेला आरंभशोधनाचा पाठनिबंध यासाठी आजही आधार मानला जातो. त्यात तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. आरंभ हा एक बिंदू आहे, नाद सुरू झाला असे आपण जिथे मानतो तो. अटॅक हा नादाची पातळी चढत जाते तो काळ. ट्रान्झियंट मात्र पातळीपुरता नाही. नादाचे घटक झपाट्याने आणि अंदाज बांधता येणार नाही अशा रीतीने बदलत असतात तो अवधी म्हणजे ट्रान्झियंट.

भेद बारीक वाटतो, पण पुढच्या साऱ्या वादाचे मूळ त्यात आहे. बासरीचा स्वर सावकाश चढतो, म्हणून तिचा अटॅक लांब. परंतु त्या चढणीतच फुंकरीचा खरखरता आवाज मिसळलेला असतो आणि त्यावरूनच आपण बासरी ओळखतो. तबल्याच्या ‘ना’मध्ये चढण जवळजवळ उभी असते आणि चाटेचा कोरडा टणत्कार तिच्यातच सामावलेला असतो. कम्प्रेसरला मात्र यांतले पातळीचे चढउतार तेवढे कळतात. घटक कसे बदलत आहेत हे त्याच्या गावी नसते.

नाद कृत्रिमरीत्या घडवणाऱ्यांनाही हीच अडचण आली. झाव्हिएर सेरा आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९० साली नादाची फोड स्थिर स्वरलहरी आणि गोंगाट अशी दोन भागांत केली. आघाताचे चटके त्या दोन्हींत नीट बसेनात. टोनी वर्मा आणि टेरेसा मेंग यांनी २००० साली त्यात ट्रान्झियंट हा तिसरा भाग जोडला. आघात ही नादातली स्वतंत्र वस्तू आहे, याची ही गणिती कबुलीच म्हणायची.

कानाची साक्ष

आघाताला एवढे महत्त्व का, याचे सर्वांत बोलके उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. फ्रेंच नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी १९४८च्या सुमारास घंटेच्या ध्वनिमुद्रणातून टोल्याचा क्षण वगळला. उरलेल्या नादात घंटा ओळखू येईना. तो एखाद्या फुंकवाद्यासारखा भासू लागला. पुढे १९६४ साली केनेथ बर्जर यांनी, आणि त्याच वर्षी सालदान्या व कोर्सो यांनी, वाद्यांच्या स्वरांचे आरंभ कापून श्रोत्यांना ऐकवले. वाद्य ओळखण्यात चुका वाढल्या. जॉन ग्रे यांनी १९७७ साली स्वरांच्या जातीचा जो नकाशा काढला, त्यातही स्वराच्या आरंभाशी निगडित अशी एक दिशा निघाली. वाद्याची ओळख मोठ्या प्रमाणात आघातात साठलेली असते, यावर आज फारसे दुमत नाही.

दुसरी साक्ष मोठेपणाची. कान नादाचा मोठेपणा क्षणात ठरवत नाही. सुमारे दोनशे मिलिसेकंदांपर्यंतची ऊर्जा तो एकत्र जमवतो. पाच मिलिसेकंदांचा सुळका मीटरवर पूर्ण उंचीने उमटतो, पण कानाच्या हिशेबात त्याची भर थोडी असते. ध्वनिमुद्रणात जागा खाण्यात आघात पुढे आणि मोठेपणा देण्यात मागे, अशी ही विषमता आहे. आघात छाटून मोकळ्या झालेल्या जागेत बाकी सारे मोठे करायचे, हा मोह इथूनच जन्माला आला.

तिसरी साक्ष झाकोळण्याची. मोठा नाद संपल्यावरही शंभर-दोनशे मिलिसेकंद तो पुढच्या लहान नादाला झाकतो. मागच्या दिशेने हा झाकोळ अवघ्या काही मिलिसेकंदांचा असतो. एमपी३ फाइलमध्ये कॅस्टनेट्सच्या टोकदार ठोक्याआधी जो फसफसाट ऐकू येतो, त्याला प्री-एको म्हणतात, आणि त्याचे कारण हेच: दोष आघाताच्या फार आधी सांडतो आणि कान त्याला झाकू शकत नाही. मिश्रणात याचा अर्थ असा की डग्ग्याचा घुमारा लांबला तर पुढच्या ‘ना’चा आघात, त्याला कुणी हात लावलेला नसतानाही, बोथट वाटतो. आघात घडवणे म्हणजे कित्येकदा त्याच्या आधीच्या नादाची शेपटी आवरणे असते.

धोका ते अलंकार : साधनांची वाटचाल

सुरुवातीला आघात हा धोकाच मानला जाई. नभोवाणीच्या प्रक्षेपकाला ठरावीक पातळीपलीकडचा सुळका सोसत नसे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३७ साली ११०-ए हा लिमिटर आणला तो याच कामासाठी. तबकडी कापतानाही तीच भीती, कारण जोराच्या ठोक्याने खाच वेडीवाकडी झाली तर घरातल्या ग्रामोफोनची सुई उडायची. रेन नार्मा यांनी रचलेला फेअरचाइल्ड लिमिटर १९५० च्या दशकाअखेरीस आला, तोही तबकडीच्या कापाईसाठी. ते अवजड यंत्र पुढे लंडनच्या स्टुडिओत जेफ एमरिक यांनी रिंगो स्टार यांच्या ड्रम्सवर लावले. बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा १९६६चा अल्बम त्या दाबलेल्या, पुढे झेपावणाऱ्या ड्रम्ससाठीही ओळखला जातो. संरक्षणाचे साधन इथे अलंकार झाले.

त्यानंतरच्या यंत्रांना आपापला वेग मिळाला आणि वेगासोबत स्वभावही. जिम लॉरेन्स यांचा एलए-२ए प्रकाशाच्या तत्त्वावर चाले. नादानुसार एक पट्टी उजळायची आणि तिच्या उजेडाने प्रकाशरोधकाचा अवरोध बदलायचा. त्याचा अटॅक, म्हणजे इथे कपात करायला लागणारा वेळ, सुमारे दहा मिलिसेकंदांचा, म्हणजे बहुतेक आघात त्यातून सुटून जात. बिल पटनम यांचा ११७६ हा १९६७चा. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्सने १९७० च्या दशकात सरासरी ऊर्जा मोजणारी पद्धत रूढ केली. एसएसएल ४००० मालिकेच्या बस कम्प्रेसरवर ०.१ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचे ठरावीक टप्पे आले. आजही तंत्रज्ञ ‘ड्रमवर ११७६, आवाजावर एलए-२ए’ असे बोलतात तेव्हा ते वेगांच्या या स्वभावांविषयीच बोलत असतात.

१९७९ साली लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत आणखी एक वळण आले. ह्यू पॅजम हे पीटर गेब्रिएल यांच्या ‘इंट्रूडर’चे ध्वनिमुद्रण करत होते आणि ड्रम्सवर फिल कॉलिन्स होते. वादकाचे बोलणे ऐकण्यासाठी लावलेल्या मायक्रोफोनवर जबर कम्प्रेसर होता. त्यातून खोलीचा गुंजारव फुगून आला आणि गेटने तो अचानक तोडला. १९८१ सालच्या कॉलिन्स यांच्या ‘इन द एअर टुनाइट’ने हा नाद घरोघरी नेला. इथे आघाताला स्पर्शही झालेला नव्हता. त्याच्यामागे काय येते आणि ते कुठे थांबते एवढेच बदलले होते. तरी ऐकणाऱ्याला आघातच प्रचंड झाल्यासारखा वाटला.

पहिली भूमिका : काळाच्या कळा

सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक मान्य असलेली भूमिका अशी की कम्प्रेसरच्या अटॅक आणि रिलीज (कपात सुटण्याचा वेळ) या दोन कळांनी आघात हवा तसा घडवता येतो. अटॅक जलद ठेवला तर सुळका दबतो. सावकाश ठेवला तर सुळका निसटतो, मागची आस दबते आणि आघात उठून दिसतो.

आकड्यांत पाहू. थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्यापलीकडे कपात सुरू होते ती पातळी, उणे २० डेसिबलवर आहे, रेशो, म्हणजे कपातीचे प्रमाण, ४:१ आहे आणि ‘ना’चा सुळका उणे ८ डेसिबलपर्यंत जातो. बारा डेसिबलच्या उल्लंघनाचे तीन उरायला हवेत, म्हणजे नऊ डेसिबलची कपात. अटॅक एक मिलिसेकंदाचा असेल तर पाच मिलिसेकंदांत ही कपात जवळजवळ पुरी होते. तो तीस मिलिसेकंदांचा असेल तर तेवढ्याच वेळात जेमतेम दीड डेसिबल कमी होतो. सुळका निसटतो, उणे १६ डेसिबलवरची आस दोन-तीन डेसिबल खाली जाते आणि मेकअप गेनने, म्हणजे कपातीनंतर पातळी पुन्हा वाढवून, सगळे वर आणले की आघात पूर्वीपेक्षा ठळक होतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. अटॅक म्हणजे कम्प्रेसर तेवढा वेळ थांबून मग काम सुरू करतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात थ्रेशोल्ड ओलांडताच कपात सुरू होते. कळ सांगते तो त्या कपातीचा वेग. तो वेग मोजण्याची रीतही एक नाही. कुणी अंतिम कपातीचा ६३ टक्के हिस्सा गाठायला लागणारा वेळ धरतो, कुणी ९० टक्के, कुणी ठरावीक डेसिबल उतरायला लागणारा वेळ. दिमित्रियोस जियानूलिस, मायकल मासबर्ग आणि जोशुआ राइस यांनी २०१२ साली डिजिटल कम्प्रेसरच्या रचनांची जी तुलना केली, तिच्यातून हे स्पष्ट होते की कळांवरचे आकडे तेच ठेवले तरी आतली रचना बदलली की निकाल बदलतो. ११७६चा सर्वांत संथ अटॅकसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आत आहे. त्याच्या शेजारी एसएसएल ठेवला तर ‘संथ’ या शब्दाला यंत्राचे नाव सांगितल्याशिवाय अर्थ उरत नाही.

या भूमिकेची बलस्थाने दोन. कपात नादाला जोडून घेते, वेगवेगळ्या ठोक्यांना एका लयीत बांधते. आणि रिलीज गाण्याच्या गतीशी जुळवला तर मिश्रण ठेक्यासोबत श्वास घेऊ लागते.

मर्यादाही दोन. पहिली थ्रेशोल्डची. जोरात वाजलेला बोल घडवला जातो, हळू वाजलेला तसाच राहतो. एकाच कायद्यातले दाबून आणि खुलून वाजवलेले बोल मग वेगवेगळ्या वाद्यांचे वाटू शकतात. दुसरी मर्यादा खर्जाची. ८० हर्ट्झच्या आसपास घुमणाऱ्या डग्ग्याच्या एका आवर्तनाला साडेबारा मिलिसेकंद लागतात. अटॅक आणि रिलीज त्याहून जलद झाले तर कम्प्रेसर ठोक्याचा पाठलाग सोडून लहरीच्या प्रत्येक चढउताराचा पाठलाग करतो आणि घुमारा खरखरतो.

यावर तोडगा म्हणून समांतर कम्प्रेशन आले. मूळ ट्रॅक अबाधित ठेवायचा आणि त्याची जबर दाबलेली प्रत खालून मिसळायची. डॉल्बी-ए या १९६०च्या दशकातल्या गोंगाटनिवारण पद्धतीत हे समांतर तत्त्व होते. माइक बेव्हेल यांनी १९७७ साली ‘स्टुडिओ साउंड’ मासिकात ते मांडले. ‘न्यूयॉर्क कम्प्रेशन’ हे नाव पुढे रूढ झाले. यात आघात मूळ ट्रॅकमधून येतो आणि भरदारपणा प्रतीतून. मात्र दोन्ही वाटा वेळेत तंतोतंत जुळायला हव्यात. एक मिलिसेकंदाचा फरकही काही स्वर खाऊन टाकतो.

दुसरी भूमिका : आकाराला थेट हात

१९९८ साली एसपीएल या जर्मन कंपनीने ट्रान्झियंट डिझायनर आणला. त्यावर थ्रेशोल्ड नव्हता, रेशो नव्हता. अटॅक आणि सस्टेन अशा दोनच कळा. पहिली १५ डेसिबलपर्यंत, दुसरी २४ डेसिबलपर्यंत वरखाली करणारी. रुबेन टिल्गनर यांनी रचलेल्या या यंत्राची कल्पना सोपी आणि सुंदर आहे. नादाच्या पातळीचा माग दोन पाठलागकर्ते काढतात, एक चपळ आणि एक संथ. आघाताच्या क्षणी चपळ पुढे जातो, संथ मागे राहतो. त्यांच्यातले अंतर म्हणजेच आघात. ते अंतर वाढवा किंवा घटवा.

मोजणी अंतराची असल्याने मूळ पातळी गौण ठरते. हळू ठोका आणि जोराचा ठोका यांना सारखीच वागणूक मिळते आणि वादकाचा लहानमोठेपणा शाबूत राहतो. या मताच्या तंत्रज्ञांचे म्हणणे असे की आघात हा आकाराचा प्रश्न आहे, तो पातळीच्या यंत्राकडून सोडवून घेणे हाच आडमार्ग होता.

प्रतिवादही वजनदार आहे. हे साधन सुट्या, स्वच्छ ट्रॅकवर उत्तम चालते. एकाच मायक्रोफोनमध्ये शेजारच्या वाद्याचा आवाज शिरला असेल तर त्याचे आघातही सोबत उचलले जातात. घनदाट वादनात आणखी एक अडचण येते. मिनिटाला २४० मात्रांची लय आणि मात्रेत चार बोल धरले तर दोन बोलांत अवघे ६२ मिलिसेकंद उरतात. एवढ्या वेळात संथ पाठलागकर्ता खाली उतरतच नाही, दोघांतले अंतर आकसते, आणि विलंबित ठेक्यात दणदणीत वाटलेली कळ रेल्यातल्या ‘तिरकिट’मध्ये निष्प्रभ ठरते. शिवाय जास्तीचा आघात म्हणजे उंच सुळका, आणि तो पुढे कुठल्यातरी लिमिटरवर आदळणारच. इथे मिळवलेले तिथे गमावले, असे पुष्कळदा होते.

तिसरी भूमिका : शिखर छाटणे

टेपवर जोरात मुद्रण केले की चुंबकीय थर सुळके आपोआप गोलावतो, हे जुन्या ध्वनिमुद्रकांना अनुभवाने ठाऊक होते. क्लिपर तेच काम उघडपणे करतो. ठरलेल्या उंचीवरचा भाग कापतो, आणि त्याला अटॅकही नाही आणि रिलीजही नाही. सुळका छाटला गेल्यावर पुढची आस जशीच्या तशी राहते. लिमिटरप्रमाणे ती काही काळ दबलेली राहत नाही. छाटण्याने विकृती येते हे खरे. पण ती एक-दोन मिलिसेकंदांत संपली आणि आघात मुळातच गोंगाटाचा असला तर कानाला ती किंचित चकाकीसारखी वाटते. ड्रमप्रधान संगीत करणारे अनेक तंत्रज्ञ म्हणूनच लिमिटरच्या आधी क्लिपर ठेवतात.

समोर आहे तो दूरदर्शी लिमिटर. डिजिटल युगात नाद काही मिलिसेकंद उशिराने सोडता येतो आणि सुळका येण्याआधीच कपात सुरू करता येते. वेव्ह्ज कंपनीच्या १९९४च्या एल१ने ही पद्धत सर्वत्र नेली. त्यात विकृती कमी. पण कपात आघाताच्या आधीपासून नंतरपर्यंत पसरत असल्याने ठोक्याभोवतीचा सारा नाद क्षणभर खाली बसतो.

टीकाकारांचे म्हणणे असे की छाटणीचा निर्धोकपणा किक आणि स्नेअर यांच्यापुरता आहे. ‘ना’ किंवा ‘तिं’मध्ये कात्री आघाताच्या खाली उतरून आसेपर्यंत पोहोचली, तर रामन यांनी दाखवलेल्या सुरेल उपस्वरांच्या रांगेत नवे, परके स्वर घुसतात. डिजिटल छाटणीत निर्माण झालेले अति-उच्च स्वर दुमडून खाली येतात हा आणखी एक दोष. तो टाळायला आत ओव्हरसॅम्पलिंग करावे लागते. आणि प्रत्येक ट्रॅकवरची बिनबोभाट छाटणी शेवटच्या मिश्रणात साचते.

चौथी भूमिका : उगमापाशीच

चौथे मत मिश्रणाच्या अगोदरचे आहे. आघात ठरतो तो वादकाच्या हातात, वाद्यात, खोलीत आणि मायक्रोफोनच्या जागेत. कंडेन्सर मायक्रोफोनचा हलका पडदा सुळका चटकन पकडतो. डायनॅमिकच्या पडद्याला गुंडाळी जोडलेली असते, म्हणून तो सुळका जरा मऊ करतो. मायक्रोफोन चाटेकडे वळवला की टणत्कार वाढतो, शाईकडे वळवला की गोलाई.

अंतराचा हिशेब तर थेट मिलिसेकंदांचाच आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला चौतीस सेंटिमीटर. जवळचा आणि एक मीटर दूरचा असे दोन मायक्रोफोन एकत्र केले तर एकच आघात तीन मिलिसेकंदांच्या फरकाने दोनदा येतो आणि त्याची धार पसरते. असा आघात कोणत्याही कम्प्रेसरने टोकदार होत नाही. आधी ट्रॅक वेळेत जुळवावे लागतात. या मताचे तंत्रज्ञ खटकणारा एखादा ठोका हाताने कमी-जास्त करतात आणि बाकीच्या वादनाला यंत्र लावत नाहीत. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात या भूमिकेचे वजन सर्वाधिक आहे, कारण तिथे वादकाची लहानमोठी थाप हाच आशय असतो.

आक्षेप व्यवहाराचा आहे. चित्रपटगीतात साठ-सत्तर ट्रॅक असतात, त्यांतले काही आधी मुद्रित केलेल्या नमुन्यांतून आलेले, काही वेगवेगळ्या शहरांत वाजवलेले. तिथे उगम मिश्रकाच्या हातात नसतो. जे हाती आले आहे तेच घडवावे लागते.

मोठेपणाच्या स्पर्धेने बदललेली मोजपट्टी

आघाताचा प्रश्न १९९०च्या दशकापासून एका मोठ्या वादात ओढला गेला. सीडीला कमाल पातळी होती, पण सरासरी मोठेपणाला मर्यादा नव्हती. आघात छाटून बाकीचे वर आणले की गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाटे. मेटालिकाचा २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा या स्पर्धेचा सर्वाधिक गाजलेला दाखला. त्याच गाण्यांचे व्हिडिओ गेममधले कमी दाबलेले रूप चाहत्यांना अधिक जिवंत वाटले.

मोजमापातून उत्तर आले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली बीएस.१७७० ही मोठेपणा मोजण्याची पद्धत दिली आणि युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली आर१२८ या शिफारशीत उणे २३ एलयूएफएस (मोठेपणाचे एकक) ही पातळी ठरवली. मोजणी ४०० मिलिसेकंदांच्या खिडकीने होते, म्हणून पाच मिलिसेकंदांच्या सुळक्याचा तिच्यावर फारसा भार पडत नाही. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला गाणी समतल करते. तिथे शिखर उणे एकवर ठेवले तर आघातासाठी तेरा डेसिबलची जागा उरते. छाटून मिळणारा फायदा समतलनात जातो.

तरीही छाटणी थांबलेली नाही, आणि ती का थांबली नाही याबद्दल दोन प्रामाणिक मते आहेत. एक म्हणते, ही सवय आहे. निर्मात्याला पहिल्या ऐकण्यात मोठे गाणे आवडते, आणि समतलन बंद ठेवणारे श्रोतेही आहेत. दुसरे म्हणते, दाट, सपाट आघात ही आता एक सौंदर्यदृष्टी आहे. इलेक्ट्रॉनिक आणि मेटल संगीताची ती ओळख आहे. एमान्युएल देरुती आणि दामियाँ तार्दियू यांच्या २०१४च्या अभ्यासाने चित्र आणखी नेमके केले. त्यांच्या मते या काळात घटले ते सूक्ष्म पातळीवरचे, म्हणजे आघात आणि सरासरी यांच्यातले अंतर. गाण्याच्या कडव्या-ध्रुपदांतले मोठे चढउतार तसे घटलेले दिसत नाहीत. झीज झाली असेल तर ती नेमकी आघाताची झाली आहे.

सुटायचे राहिलेले प्रश्न

पहिला प्रश्न परिभाषेचा. अटॅकच्या वेळेची एक सर्वमान्य व्याख्या नसल्याने एका यंत्रावर शिकलेले दुसऱ्यावर जसेच्या तसे नेता येत नाही. उत्पादकांनी निदान मोजण्याची रीत छापावी, ही अपेक्षा रास्त आहे.

दुसरा मोजमापाचा. मोठेपणाला एकक मिळाले. ठोक्याच्या ‘पंच’ला सर्वमान्य एकक अजून नाही. हडर्सफील्ड विद्यापीठात स्टीव्हन फेंटन आणि ह्युनकूक ली यांनी २०१९ साली आघातांच्या भारित मोठेपणावर आधारित एक प्रतिमान मांडले. दिशा आशादायक आहे, पण स्टुडिओतल्या रोजच्या मीटरमध्ये असे माप रुळायचे आहे.

तिसरा तुलनेचा. दोन आवृत्त्यांत एक डेसिबलनेही मोठी असलेली आवृत्ती बहुधा चांगली वाटते. मेकअप गेन लावून केलेली तुलना म्हणूनच अपुरी असते. कोणते साधन सरस, याविषयीची कित्येक ठाम मते पातळी न जुळवता बनलेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

चौथा प्रश्न आपल्या जवळचा. या साधनांवरचे तयार प्रीसेट उघडले तर बहुतेक नावे किक, स्नेअर आणि गिटारची दिसतात. ढोलकीच्या शाईची टिपेची थाप, संबळाचा कडकडाट, ताशाची अखंड तरी, डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड, या प्रत्येकात आघात आणि आस यांचे नाते निराळे आहे. मींडेत तर आघात झाल्यानंतर स्वर चढतो. सस्टेन दाबणारी कळ तिथे वादनाचा अर्थच पुसते. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत हे ज्ञान कानात आणि हातात आहे. ते लिहून ठेवण्याची गरज आहे.

पाचवा प्रश्न यंत्रबुद्धीचा. डेरी फिट्झजेरल्ड यांनी २०१० साली दाखवले की साध्या मध्यक-गाळणीनेही मिश्रणातले तालाचे आणि सुराचे भाग बऱ्यापैकी वेगळे काढता येतात. आता शिकवलेली न्यूरल जाळी एका मिश्रणातून वाद्येच सुटी करतात. म्हणजे पातळीच्या आडून आघाताकडे जाण्याऐवजी थेट आघाताला हात घालता येईल. ही विभागणी करताना पुसट डाग राहतात, आणि चाटेचा टणत्कार ताल मानायचा की सूर, हे ठरवण्याचे काम यंत्राने कोणत्या नमुन्यांवरून शिकले यावर अवलंबून राहते.

निष्कर्ष

चारही भूमिका शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींच्या शत्रू नाहीत. प्रत्येक वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. ठोके एकमेकांशी बांधायचे असतील तर कम्प्रेसर, सुट्या ट्रॅकचा आकार बदलायचा असेल तर ट्रान्झियंट डिझायनर, क्षणिक शिखराला जागा करून द्यायची असेल तर क्लिपर, आणि या तिन्हींच्या आधी मायक्रोफोनची जागा. घोटाळा होतो तो एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर लावल्याने. आजवरच्या पुराव्यातून एक गोष्ट मात्र भक्कमपणे उभी राहते: आघात हा वाद्याच्या ओळखीचा भाग आहे, केवळ मीटरवरचा अडथळा नाही. त्याला हात लावणारा माणूस वाद्याच्या नावाला हात लावत असतो.

म्हणून मिश्रण करणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. कळ फिरवून झाल्यावर आधीची आणि नंतरची आवृत्ती समान मोठेपणावर आणा, डोळे पडद्यावरून काढा आणि दोन्ही ऐका. बोल ओळखू येतो का आणि त्याची आस पूर्ण होते का, एवढे दोनच प्रश्न विचारा. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर कळ योग्य जागी आहे.